सदतीसची रेघ

वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी बावीस वर्षं काढली. 'असे समजते', 'परिसरात चर्चा आहे', 'जुने जाणकार सांगतात'... ही वाक्यं कापणं माझं रोजचं काम होतं. तालुक्यातून भुताखेतांच्या बातम्या यायच्या, त्या वाचून मी खालच्या खणात टाकायचो. तो खण वर्षातून एकदा रद्दीवाल्याकडे रिकामा व्हायचा. पुढचा मजकूर दुसऱ्या कुणी पाठवला असता तर तोही त्याच खणात गेला असता, हे आधी सांगून ठेवतो.

त्यामुळे इथं फक्त जे पाहिलं ते, ज्या क्रमानं पाहिलं त्या क्रमानं देतो. वेळा माझ्या खिशातल्या डायरीतल्या आहेत. ती डायरी अजून माझ्याकडे आहे.

१९९६ चा मे महिना. शुक्रवार, म्हणजे तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीची आठवड्याची सुट्टी. माझाही 'ऑफ' शुक्रवारीच असायचा. माझा मावसभाऊ विलास याचा तिथं एक गाळा होता. आतल्या गल्लीत, डोंगराच्या बाजूला, सिमेंटच्या पत्र्याचं छप्पर, पुढं लोखंडी शटर. विलास मूळचा कोरेगावचा. रबाळ्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं हा गाळा भाड्यानं घेऊन स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं. मशीनवरच्या सूचनापट्ट्या, नेमप्लेट, असली कामं. चालत होतं, पण जेमतेम. त्याची बायको सुनीता दोनदा म्हणाली होती की हे आवरा आणि गावाला चला. या महिन्यात काही झालं नाही तर आवरतो, असा शब्द त्यानं तिला दिला होता.

त्याच महिन्यात कर्णिक साहेब आले. वाशीला राहायचे, जहाजावर इंजिनीअर होते, निवृत्त झालेले. त्यांच्या वडिलांची स्वातंत्र्याच्या आसपासची एक इंग्रजी बनावटीची मोटार त्यांनी नीट करून घेतली होती. फक्त डॅशबोर्डावरच्या पाच डायल गंजून गेल्या होत्या. वेग, पेट्रोल, तेलाचा दाब, करंट आणि इंजिनाचं तापमान. मूळ डायल मैलांत आणि फॅरनहाइटमध्ये. साहेबांना नव्या हव्या होत्या त्या किलोमीटर आणि सेल्सिअसमध्ये... आणि आकडे मराठी.

"मराठी?" विलासनं विचारलं होतं.

"वडिलांनी मला आकडे याच गाडीत शिकवले," साहेब म्हणाले. "मैलाचे दगड वाचत. ते मराठीत होते. डॅशबोर्ड तेवढा इंग्रजी होता."

त्या शुक्रवारनंतर दोनच दिवसांनी, रविवारी, मुंबईत जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. तिथं गाडी उभी राहिली असती तर विलासच्या डायल शंभर गाडीवाल्यांनी पाहिल्या असत्या. हे काम जमलं तर गाळा राहणार, नाही तर कोरेगाव. एवढं सगळं त्या पाच चकत्यांवर होतं.

माझा संबंध आकड्यांपुरता. मराठी आकड्यांचे तयार छाप बाजारात मिळेनात, म्हणून आमच्या डीटीपी विभागातून मी ते वेगवेगळ्या मापांत काढून आणले. शेवटची डायल छापून होईपर्यंत प्रूफ वाचायला मी हजर राहायचं, असं ठरलं होतं.

आता दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाही तर पुढचं कळणार नाही.

पहिली, तापमानाची डायल कशी बनते. जुन्या गाड्यांत या काट्याला वीज लागत नाही. मीटरच्या मागून एक केसासारखी बारीक तांब्याची नळी निघते, तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं पितळी बोंड असतं, ते इंजिनात बसतं. आत इथर भरलेलं. बोंड तापलं की इथर फुगतं, आणि नळीतून तो दाब काट्यापर्यंत जातो. नवी डायल आखताना मीटरवर कोरी पांढरी चकती बसवायची, बोंड माहीत असलेल्या तापमानात धरायचं आणि काटा थांबेल तिथं पेन्सिलीनं खूण करायची. उकळत्या पाण्यात शंभर. मधले आकडे काचेच्या थर्मामीटरशी ताडून. आणि खालचा एक आकडा विलास काखेत घ्यायचा.

"बघ दादा," पंधरा दिवसांपूर्वी त्यानं मला शर्टाची बटणं काढून दाखवलं होतं. बोंड काखेत, नळी लोंबतेय, टेबलावर मीटर. काटा हळूहळू चढला आणि थांबला. "सदतीस. देवानं दिल्यालं फुकटचं थर्मामीटर."

"आणि ताप असला तर?"

"तर त्या दिवशी सुट्टी घ्यायची. आजारी माणसानं मोजमाप करू नये."

त्या डायलवर त्यानं एकेका अंशाची रेघ आखली होती. गाडीला त्याची काही गरज नव्हती. पण हात चांगला होता आणि तो दाखवायची हौसही. ही डायल नमुना म्हणून सगळ्यात आधी झाली, साहेबांनी पास केली, आणि गाडीत बसवलीही गेली. उरलेल्या चार त्या शुक्रवारी छापायच्या होत्या.

दुसरी गोष्ट, कुलूप. तुर्भ्याच्या डोंगरावर खडीचे क्रशर होते. त्यांची पांढरी पूड दिवसभर हवेत असायची. ओल्या शाईवर ती बसली की चकती फेकून द्यायची. म्हणून भिंतीत छपराखाली हवेसाठी ठेवलेल्या जाळ्यांवर विलासनं मी दिलेल्या जुन्या अंकांचे थर खळीनं चिकटवले होते. शटर खाली ओढायचं, त्याच्या खालच्या फटीत ओलं गोणपाट. एवढं करूनही शाई वाळायच्या आत कुणीतरी शटर वर करायचं... चहावाला, गिऱ्हाईक, शेजारी. यावर विलासनं उपाय काढला होता. शाई ओली असेपर्यंत शेजारच्या गाळ्यातल्या माणसानं बाहेरून कुलूप लावायचं आणि चाळीस मिनिटांनी उघडायचं. बाहेर कुलूप दिसलं की कुणी हात लावत नाही. असं त्यानं पन्नास वेळा तरी केलं असेल.

शेजारचा माणूस म्हणजे बाळाराम पाटील, तुर्भे गावातलाच, वेल्डिंगवाला.

"लाव कुलूप, पाटील," विलास आतून ओरडला. डायरीत वेळ आहे १२:५०.

"लावला. कोनी उघडनार नाय, चावी माज्या कमरेला हाय," बाहेरून आवाज आला. "तुमचे पेपरवाले पन आत हायेत ना? त्यांना सांग, आतली बातमी भायेर जाऊ देऊ नका."

कुलुपाचा आवाज झाला. मी हसलो होतो, हे मला आठवतं.

आत आम्ही दोघं आणि गाडी. गाडीनं तीन चतुर्थांश जागा खाल्ली होती. एका बाजूला विलासचं टेबल, त्याच्यावर चार ॲल्युमिनियमच्या चकत्या. बसायला एकच स्टूल, ते विलासचं. म्हणून मी गाडीचं दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. समोर लाकडी डॅशबोर्ड, त्यात चार रिकामी भोकं आणि एक पूर्ण झालेली डायल. काळी, त्यावर पांढरे ३०, ४०, ५०... काटा तळाशी, तीसच्या खुंटीवर टेकलेला.

१:१० ला वीज गेली. पंखा थांबला. सुट्टीच्या दिवशी लाइनची कामं निघायची, त्यात नवल नव्हतं. छतात एक पारदर्शक पत्रा होता, त्यातून उजेड येत होता. आकडे वाचण्याइतका. मी चारही चकत्या वाचल्या. चूक नव्हती.

दीड वाजता पाटील यायला हवा होता. आला नाही.

"येईल. तोवर मी लॅकरचा हात मारून घेतो," विलास म्हणाला.

"शाई वाळली ना? मग पाटील आला की बाहेर जाऊ, जेवू, मग मार."

"दादा, आज क्रशर कमी आहेत, शटर बंद आहे, हवा थांबलीय. असा टाइम परत मिळत नाही."

त्यानं छपाईवर लॅकरचा पारदर्शक थर मारला. म्हणजे चकत्या पुन्हा ओल्या, आता दोन-अडीच तासांसाठी. आणि थिनरचा वास दुप्पट. ही चूक त्याच्यासारखा माणूसच करू शकतो. अडकलेला असताना त्याला सगळ्यात आधी दिसलं ते हे, की आता धूळ येणार नाही.

पावणेदोनला पाण्याची बाटली संपली. मी शटरकडे गेलो आणि हाक मारली. उत्तर नाही. सुट्टीचा दिवस, गल्ली रिकामी, लांबून क्रशरची घरघर. मी शटरवर थाप मारायला हात उचलला तर विलासनं तो धरला.

"वाजवू नको! गंज पडतो."

"काय?"

"शटर वाजवलं की आतून गंजाची भुकटी उडते. ओलंय सगळं. पाटील कुठं जातोय? हितंच असंल."

मी जाळीवरचा कागद फाडायचं म्हटलं. शिडी बाहेर होती, गाडीच्या टपावर चढायला त्यानं मनाई केली, आणि जाळी तरीही हातभर उंच राहिली असती. गाडीचा हॉर्न वाजवावा तर बॅटरी चार्जिंगला गेलेली. रेडिएटरचा नळ सोडून पाहिला, तो कोरडा होता. पाणी म्हणाल तर स्क्रीन धुवायची अर्धी बादली, शाई मिसळलेली, पिण्याजोगी नाही. अशा एकेक गोष्टी मी तपासत गेलो आणि एकेक बंद होत गेली.

दोन वाजता विलास फरशीवर बसला, शटरला पाठ लावून. मी परत सीटवर येऊन बसलो.

डायरीतली पुढची नोंद अशी आहे. २:०५. काटा ३७. टेबलावरचं थर्मामीटर ४२.

ही नोंद मी का केली? हाताला दुसरं काम नव्हतं म्हणून. काटा तीसवरून सदतीसवर आलेला दिसला, खोली तापतेय म्हणून चढला असेल, असं वाटलं. खोली बेचाळीस आणि काटा सदतीस, याचंही कारण मी मनात दिलं: बोंड इंजिनात आहे, इंजिन म्हणजे दोन मण लोखंड, ते सावकाश तापतं.

२:२० — काटा ३८. थर्मामीटर ४३.
२:३५ — काटा ३९. थर्मामीटर ४३.

"डोकं ठणकतंय रे," विलास म्हणाला.

"घाम पूस. शर्ट काढ."

"राहू दे." त्यानं वरच्या खिशावर हात ठेवला. "पाटलाच्या घरी कुणाची तरी हळद आहे म्हणत होता का रे तो?"

"कधी?"

"सकाळी. नावड्याला. भाचीची का कुणाची..."

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. आगरी घरातली हळद, म्हणजे दिवसभराचं नाचगाणं. नावड्याहून टेम्पो आला असेल, चल म्हणाले असतील, आणि हा चावी कमरेला लावून चढला असेल. संध्याकाळपर्यंत तो येणार नव्हता. (पुढं कळलं, नेमकं तसंच झालं होतं.)

मी शटरच्या फटीला तोंड लावून ओरडलो. पाच-सात मिनिटं ओरडलो. गोणपाटातून आवाज किती जात होता कोण जाणे. परत वळलो तेव्हा विलास आडवा झाला होता. मी बादलीत फडकं बुडवून त्याच्या डोक्यावर, मानेवर, छातीवर पिळलं. दोनदा, तीनदा. मग उठून गाडीपाशी आलो, दारावर हात टेकला आणि सवयीनं काट्याकडे पाहिलं.

काटा अडतीसवर होता. मघाशी एकोणचाळीस होता.

थर्मामीटर पाहिलं. त्रेचाळीस. त्यात काही फरक नव्हता.

मी तिथंच उभा राहिलो. पाच मिनिटांनी काटा पुन्हा एकोणचाळीसवर आला. तो सरकताना मी पाहिला, घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखा, म्हणजे दिसत नाही पण जागा बदललेली असते.

आमच्याकडे नियम होता, एका सूत्रावर बातमी देत नाहीत. दुसरीकडून ताडून घ्यायची. मी विलासकडे गेलो, पुन्हा फडकं पिळलं, या वेळी बादलीतलं जवळजवळ सगळं पाणी त्याच्या अंगावर गेलं. परत गाडीपाशी आलो. २:५८ — ३८. मग ३:०५ — ३९. ३:१० — ४०.

या तीन नोंदी एकाखाली एक आहेत. अक्षर सरळ आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण थिनरच्या वासानं माझं डोकं फिरलं होतं असं म्हणणारे बरेच भेटले. ते शक्य आहे. पण डोकं फिरलेल्या माणसाचं अक्षर मी डेस्कवर पुष्कळ पाहिलंय.

तेव्हा मनात काय आलं, ते लिहायला मला आजही संकोच वाटतो. मनात आलं... हे इंजिनाचं तापमान नाही. हा काटा याचं अंग मोजतोय.

"विलास, मी शटर फोडतो."

"खुळा का तू?" डोळे मिटलेलेच. "चार वाजता वाळतंय. चारपर्यंत दम धर की."

"तुला ताप चढलाय."

"उन्हाचं असतंय तेवढं. मी बराय. दादा, हात जोडतो, धूळ आत घेऊ नको. सुनीताला काय तोंड दाखवू?"

बोलणं अगदी शुद्धीवरच्या माणसाचं होतं. म्हणूनच मी थांबलो. सहा मिनिटं. काट्याचं ऐकायचं की माणसाचं? माणूस सांगतोय मी बरा आहे, आणि मी एका मोटारीच्या मीटरवर विश्वास ठेवून त्याचं वर्षभराचं नशीब मातीत घालू? मी डेस्कवर कुणाला असं करू दिलं नसतं.

३:१६ — ४१.

मी त्याच्याजवळ जाऊन कपाळाला हात लावला. कपाळ कोरडं होतं. घाम थांबला होता. तो काहीतरी पुटपुटत होता. कान लावला तर पाढे म्हणत होता. एकोणतीसचा पाढा, मधल्या घरात अडकून पुन्हा पहिल्यापासून.

गाडीच्या मागच्या सीटखाली इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल होतं, हातभर लांब. ते घेतलं. कुलूप शटरच्या उजव्या बाजूला होतं. डावीकडची खालची पट्टी थोडी वर उचलली जायची. तिच्याखाली हँडलचं टोक घातलं आणि सगळं वजन टाकलं. चार बोटं फट झाली. स्क्रीनखाली ठेवायची वीट पायानं आत ढकलली. पुन्हा उचललं, वीट उभी केली. शटर थरथरलं आणि वरून गंजाची भुकटी माझ्या डोक्यावर, टेबलावर, सगळीकडे उतरली. खालून वारा आला, त्याबरोबर पांढरी पूड. मी विलासला ओढून त्याचं तोंड फटीशी लावलं.

त्यानं डोळे उघडले. टेबलाकडे नजर गेली की नाही, सांगता येत नाही.

"दादा..." तो म्हणाला. "धूळ."

मी फटीतून ओरडत राहिलो. भाजी मार्केटातले तीन-चार माथाडी पाळी संपवून तिकडून चालले होते. पाय दिसले, मग खाली वाकलेलं एक तोंड.

"आरं, माणसं हायती आत! गड्यांनो, पळा हिकडं! कुणी कोंडलं हो तुमास्नी?"

"कुलूप तोडा! माणूस जातोय!"

त्यांच्याकडे पोती ओढायचे आकडे होते. एकानं आकडा कोयंड्यात अडकवला, दोघांनी ओढलं. ते कोयंडा उपटत होते तेवढ्यात मी मागं वळून गाडीत डोकावलो. ३:२६ — साडेचाळीस. शेवटची नोंद. शटर वर गेलं. त्यांनी विलासला पोत्यासारखा नाही, लेकरासारखा उचलला आणि हातगाडीवर घातला. बाहेर पडताना मी पुन्हा एकदा पाहिलं. विलास गाळ्याबाहेर गेला होता. काटा तीसच्या खुंटीवर टेकला होता.

टेबलावरच्या चारही चकत्या राखाडी झाल्या होत्या.

दवाखाना नाक्यावरच होता. डॉक्टरांनी थर्मामीटर लावलं, नर्सला बर्फ आणायला पिटाळलं, सलाइन जोडलं आणि मला झापलं. "अर्धा तास उशीर केला असतात तर मी हात लावला नसता." केसपेपरवर त्यांनी लिहिलं, १०४.९. मी बाकावर बसून डायरीच्या मागच्या पानावर वजाबाकी आणि भागाकार केला. फॅरनहाइटचं सेल्सिअस. ४०.५ आलं. दुसऱ्यांदा केलं. तेच आलं.

विलास वाचला. दोन दिवसांनी तो उशाला टेकून बसला, सुनीता मोसंबी सोलत होती. रविवार होता, म्हणजे प्रदर्शनाचा दिवस. पाटील दाराशी उभा होता, कानामागं हळद तशीच, आत यायला तयार नव्हता.

"हलदीच्या नादान ध्यानात नाय ऱ्हायला," तो परत परत म्हणत होता. "मी मानूस मारला असता रं विलास."

"मी तुला कुलूप लाव म्हणलं," विलास म्हणाला. "तू आपला लावलंस. ये आत."

पाटील गेल्यावर मी विलासला सगळं सांगितलं. काटा, पाणी, नोंदी. डायरी दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली, मग माझ्याकडे बघितलं.

"दादा, तो मीटर बंद होता."

"बंद म्हणजे?"

"नळी गुरुवारीच तुटली. डॅशबोर्डामागं जास्त वाकवली मी, कट्कन गेली. इथर उडून गेलं. काटा बसला खाली. तुला सांगितलं नाही, तू साहेबांना बोलून बसला असतास. रविवारी गाडी नुस्ती उभी करायची होती, काटा हलला काय, न हलला काय."

"आणि बोंड? इंजिनातलं?"

"इंजिनात कुठलं? कापून काढलं. कुर्ल्याला एक जण परत भरून देतो, शनिवारी त्याच्याकडं न्यायचं होतं." त्यानं छाती चाचपली. मग सुनीताला म्हणाला, "माझा शर्ट कुठंय गं? त्या दिवशीचा."

शर्ट तिनं धुतला होता. पण खिशातल्या वस्तू आधी काढून एका रुमालात बांधून ठेवल्या होत्या. तिनं गाठ सोडली. पेन्सिल, रेल्वेचा पास, आणि पितळी बोंड, मागं वीतभर तुटकी नळी.

म्हणजे बोंड सगळा वेळ त्याच्या छातीवर, वरच्या खिशात होतं. आणि काटा गाडीत. मधे दहा फूट अंतर, तुटलेली नळी, आणि काही नाही.

मी दुसऱ्याच दिवशी गाळ्यावर जाऊन डॅशबोर्डाच्या खाली डोकं घातलं. मीटरच्या मागं बोटभर नळी होती, टोक उघडं. बॉनेटमध्ये बोंडाच्या जागी भोक, त्यात विलासनं चिंधी कोंबलेली.

कर्णिक साहेबांना मी काही लपवलं नाही. प्रदर्शन हुकल्याबद्दल ते रागावले नाहीत. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. डायरी मात्र चष्मा लावून वाचली. आयुष्यभर इंजिनं पाहिलेला माणूस. ते म्हणाले, मीटरच्या आत वळलेली पितळी पट्टी असते, खोली तापली की ती थोडी पसरते, तेवढा काटा हलू शकतो.

"दहा-अकरा अंश हलेल?"

"नाही. एखादा."

"आणि पाणी टाकल्यावर खाली येईल? दोन्ही वेळा?"

त्यांनी कपातला चहा संपवला. "तुम्ही त्याला बाहेर काढलंत ना?" ते म्हणाले. "मग झालं." मला हे उत्तर वाटलं नाही, आजही वाटत नाही.

विलासनं पाचही डायल पुन्हा केल्या, पुढच्या वर्षी गाडी उभी राहिली, गाळाही राहिला. बाहेरून कुलूप मात्र त्यानं परत कधी लावून घेतलं नाही. धूळ बसली तर बसली, चकती नव्यानं करतो. साहेबांनी तापमानाचा दुसरा मीटर मिळवला आणि तो जुना, तुटक्या नळीचा, विलासला देऊन टाकला.

तो मीटर आता त्याच्या घरी नेरुळला, स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी खिळ्यावर टांगलेला आहे. बोंड खाली कपाटात, त्याच रुमालात. या सगळ्या वर्षांत विलासला चार-सहा वेळा तरी ताप आला असेल. सुनीतानं एकदा मला सांगितलं, "भाऊजी, ताप आला की मी आधी बोंड यांच्या खिशात टाकते आणि आत जाऊन काटा बघते. मग थर्मामीटर लावते."

"हलतो?"

"नाही. एकदाही नाही हलला."

"मग कशाला बघतेस?"

तिनं पदरानं मीटरची काच पुसली. त्यांच्याकडे गेलो की पाणी प्यायच्या निमित्तानं मी आधी स्वयंपाकघरात जातो, हे तिला माहीत आहे.